अक्काच्या खोलीपर्यंतचा बर्फ

सोमवारपासून आमच्या मिरजेच्या घरात बर्फ पडतोय. स्वयंपाकघरापासून अक्काच्या खोलीपर्यंतच्या पॅसेजपुरताच. बाकी घरात पंखे चालू आहेत.

सोमवारी तो पॅसेज नेहमीसारखा अकरा पावलांचा होता. बुधवारी अक्काची पेज घेऊन जायला मला वीस मिनिटं लागली. दोनदा घसरले. पोचले तेव्हा वाटीतली पेज गोठली होती. अक्काने ती चमच्याने फोडून खाल्ली, तक्रार न करता. ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. गेल्या वर्षी तिच्या पायांतली ताकद गेली, तेव्हापासून ती त्या खोलीत पडून असते.

"उद्या धावत ये," ती म्हणाली. "चालत निघालीस तर पोचायची नाहीस. पण चपला घालून नको गं, शालन. पडशील."

गुरुवारी सकाळी मी पेठेत बुटांच्या दुकानात गेले. दुकानदार मुल्लाचाचांनी माझ्या केसांवरचा बर्फ पाहिला आणि आतून बर्फाची लादी आणून फरशीवर ठेवली.

"यावर उभं राहून बघा," ते म्हणाले.

पहिला जोड जांभळा, फार देखणा. लादीवर पाय ठेवला आणि मी थेट चाचांच्या खांद्यावर. दुसऱ्याच्या रबरी तळाला खोल खाचा होत्या.

"हा भुसभुशीत बर्फात चालेल. गुळगुळीत बर्फावर दगा देईल."

तिसऱ्याच्या तळाला बारीक पोलादी खिळे होते. ते करकरत लादीत रुतले. मी जागच्या जागी धावून पाहिलं. पाय सरकला नाही.

"एक नंबर मोठा घ्या. आत लोकरीचे मोजे मावायला हवेत. बूट घट्ट झाला की बोटं बधिर होतात. आणि पावलं छोटी टाका. लांब जायचंय का?"

"काल अक्काचा आवाज ऐकू येत होता. आज नाही," मी म्हणाले.

मोजे चाचांनी स्वतःचे दिले.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. स्वयंपाकघराच्या दारात अक्काची हाक नुकतीच पोचत होती. सकाळची होती, कडा गारठलेल्या.

"शालन, आज नाही आलीस तरी चालेल गं."

मी पेजेचा डबा पोटाशी बांधला आणि धावत सुटले. खिळे छान धरत होते. आधी कॅलेंडर मागे गेलं, मग विजेची बटणं, मग भिंतीच संपल्या. सगळीकडे पांढरा उजेड. मी छोटी पावलं टाकत राहिले.

पुष्कळ वेळाने समोर पावलांचे ठसे दिसले. अनवाणी, माझ्याकडे येणारे. उजवा अंगठा बाहेर वळलेला, म्हणजे अक्काचेच. दोन ठशांत लांब अंतर होतं. ती धावत आली होती. माझ्यापासून हातभर अंतरावर दोन्ही पावलं जुळवून ठसे थांबले होते. पुढे कोरा बर्फ.

"अनवाणी कशाला आलीस अक्का?" मी म्हणाले.

मी खाली बसले. बूट काढले, हात घालून आत ऊब आहे ना ते पाहिलं आणि त्या शेवटच्या दोन ठशांवर ठेवले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डावा बूट बर्फात जरासा दबला. मग उजवा. मी वाकून नाड्या बांधायला घेतल्या.