बन्सीचा बरा झालेला गुडघा

आमच्या कोर्सचं नाव सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. म्हणजे पीटीचे मास्तर का? आणि माझी कंबर बघता का जरा? क्रीडाविज्ञान आणि उपचार असं चांगलं भरदार नाव आहे, चार वर्षं घासावी लागतात, आणि शेवटच्या वर्षी दोनशे तास बाहेर कुठंतरी काम करावं लागतं. त्याची एक वही असते. तिच्यावर तिथल्या साहेबाची रोज सही. सह्या पूर्ण नाहीत तर डिग्री नाही. माझ्या वर्गातल्या पोरींना क्रिकेट अकादमी मिळाली, जिम मिळाल्या, एकीला तर पोहण्याचा तलाव मिळाला. मी आवडा, अजिंठ्याकडच्या खेड्यातली, शहरात ना काका ना मामा. मला मिळाली वाळूजची सायलेन्सर बनवणारी कंपनी.

कंपनीची कबड्डीची टीम होती, तेवढीच काय ती क्रीडा. काकासाहेब नावाचे कामगार कल्याण अधिकारी माझे साहेब. आता ह्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या पोटापलीकडं कुणाचं कल्याण केलं असेल असं मला वाटत नाही, पण सही त्यांचीच लागायची. त्यांनी मला हातमोज्यांच्या स्टोअरमध्ये एक टेबल टाकून दिलं, दारावर ‘तंदुरुस्ती कक्ष’ असा कागद डकवला आणि विचारलं, शिट्टी आणलीय का. पहिला आठवडा मी शिट्टी वाजवली आणि संत्री सोलली. तीन वर्षं माणसाच्या अंगातली दोनशे सहा हाडं पाठ केली ती ह्यासाठी. पण सही मिळत होती, म्हणून गप बसले.

दुसऱ्या आठवड्यात बन्सी पडला. बन्सी पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचा, ठेकेदाराकडून लागलेला, वैजापूरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. टीममध्ये चढाईला त्याच्यासारखा दुसरा नव्हता. कंपनीच्याच मैदानावर सराव चालला होता, तो गर्रकन वळला आणि गुडघ्यातून आवाज आला. तो मला रेषेबाहेर ऐकू आला. टेबलावर निजवून मी त्याचा गुडघा वाकवला आणि पोटरी दोन्ही हातांनी पुढं ओढून पाहिली. आतलं लिगामेंट शाबूत असेल तर हाड तिथंच अडतं. बन्सीचं हाड टेबलाचा ड्रॉवर निघावा तसं पुढं आलं. मी सांगितलं, लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन लागेल, सात-आठ महिने तरी प्रेसवर उभं राहायचं नाही. बन्सी दुखण्यातही हसला. ठेक्यावरचा माणूस आठ दिवस आला नाही तर ठेकेदार त्याचं नाव कापतो, हे मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

मी काकासाहेबांना म्हणलं, अपघाताचा फॉर्म भरा, म्हणजे कामगार विमा दवाखान्यात ऑपरेशन होईल आणि रजाही मिळेल. ते म्हणले, बघू, तू आधी तुझा व्यायाम तर दे.

चौथ्या दिवशी बन्सी पाळीच्या आधी आपल्या पायांनी चालत आला. ना लंगडणं, ना सूज. मी पोटरी ओढली, हाड हलेना. परत ओढली. तो भिंतीकडं बघत पडून राहिला. दुखतंय का विचारलं तर नाय, व्यायाम केलास का विचारलं तर व्हय, एवढंच बोलला. मग मी टेपनं मांडी मोजली, पहिल्या दिवशी मोजली होती तशीच. गुडघा दुखला की मांडी वाळते, म्हणून मोजायची असते. ह्याची तर दोन सेंटिमीटरनं वाढली होती, आणि दुखऱ्याच पायाची नाही, दोन्ही पायांची.

आता कुणाही शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. मी टेपवर संशय घेतला. टेप घेऊन शहरात औरंगपुऱ्यात गेले, ज्या दुकानातून घेतला होता त्या चाचांच्या अंगावर टाकला आणि बदलून मागितला. त्यांनी तो फूटपट्टीला लावून पाहिला आणि म्हणले, “टेप तो बराबर है बेटा, आपका पेशंटच मोटा हो रा.” मी तरीही भांडून नवा टेप आणला.

नवा टेपही तेच सांगत होता, तेव्हा मी मान्य केलं की हा माझा व्यायाम. काय सांगू, मी हवेत होते. तीन आठवडे मी बन्सीला एका पायावर बसवलं, उठवलं, उड्या मारायला लावल्या. बिचारा मुकाट्यानं सगळं करायचा. सगळं मी वहीत लिहिलं, फोटो लावले, खाली मोठ्या अक्षरात ‘रुग्ण पूर्ण बरा’ असं लिहिलं. काकासाहेबांनी पेढे आणले आणि त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली. आमच्या सूर्यभान सरांना आधी शंका आली, इतक्या लवकर कसं काय, पण कॉलेजात मोठा कार्यक्रम होता, बाहेरचे हाडांचे डॉक्टर येणार होते, आणि दाखवायला केस पाहिजेच होती. ते म्हणले, आण त्याला स्टेजवर. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कुणी लागलं नाही, मी माझी मीच चढले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी वाळूजजवळच्या रांजणगावला बन्सीच्या खोलीवर गेले, उद्या हाफ पँट घालून ये एवढंच सांगायला. दार बन्सीनं उघडलं. आत खाटेवर बन्सी पडला होता.

मी एकदा ह्याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मग खाटेवरच्याचा गुडघा दिसला, फडक्यात बांधलेला, हळदीनं पिवळा झालेला, आणि सगळं कळलं. दारातला मुंजाबा, बन्सीच्या पाठचा भाऊ, वर्षाचं अंतर, तेच नाक, तीच मिशी. टोपी आणि चष्मा चढवला की गेटवर कोण बघतंय. बन्सी पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी मुंजाबानं मेंढरं बापावर सोडली आणि भावाच्या गेट पासवर आत शिरून प्रेसवर उभा राहिला. आजवर बैलगाडीपलीकडं यंत्र न पाहिलेला माणूस. त्याची दोन नखं काळीनिळी होती. तंदुरुस्ती कक्षात रोज त्याचे पाय बघितले मी, हाताकडं एकदाही पाहिलं नाही.

मी दोघांवर तोंड सोडलं. लाज नाही वाटली का, मला काय गाढव समजलात का, सगळं काढलं. ओरडता ओरडता टेप काढून बन्सीची मांडी मोजली. चार सेंटिमीटर वाळली होती. मी विचारलं, महिनाभर दवाखान्यात का गेला नाहीस. बन्सी खाली बघत म्हणला, “गेल्तो ताई. ते म्हणले कंपनीचा फॉर्म आण. काकासायबाकडं गेलो, तर त्यांनी तुमचं पान दाखवलं. म्हणले, पोरीनं लिहून दिलंय, तू बरा झालाय.”

मी टेप गुंडाळून पिशवीत टाकला आणि निघाले.

परत येताना शिफ्टच्या बसमध्ये बसून मी हिशोब लावत होते. खरं सांगितलं तर एका पासवर दोन माणसं, दोघं बाहेर, वर पोलीस केस. गप बसले तर मी पास, आणि बन्सीचा पाय कायमचा गेला. सह्या एकशे ब्याण्णव तासांच्या झाल्या होत्या. आठच तास उरले होते. मला रडू येत होतं आणि बसमधले लोक बघत होते. उतरल्या उतरल्या बन्सीला फोन लावला. उद्या मुंजाबाला पाठवू नको, रिक्षा कर आणि तूच ये. तो घाबरला, भावाचं पितळ उघडं पडेल म्हणला. मी म्हणलं, भावाचं नाही पडणार.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत काकासाहेब नवा शर्ट घालून बसले होते. बन्सी दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून स्टेजवर आला तेव्हाच कुजबुज सुरू झाली. मी माईक धरला.

“ह्या केसमध्ये मी लिहिलंय ते सगळं खोटं आहे,” मी म्हणाले. “गुडघा कधी बरा झालाच नव्हता. मला मार्क पाहिजे होते, म्हणून आकडे मनानं टाकले.”

एक डॉक्टर उठून वर आले, त्यांनी पोटरी ओढली आणि हाड सगळ्यांच्या देखत पुढं आलं. त्यांनी विचारलं, हे लागलं कुठं? मी सांगितलं, कंपनीच्या मैदानावर, साहेब समोरच बसलेत. डॉक्टरांनी तिथूनच काकासाहेबांना विचारलं, मग फॉर्म का भरला नाही. शंभर माणसं काकासाहेबांकडं बघत होती. ते उठले, शर्ट ओढला आणि उद्याच भरतो म्हणले.

सूर्यभान सरांनी माझी वही मागितली आणि एकशे ब्याण्णव तासांवर लाल पेनानं रेघ मारली. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. वर्ष गेलं. आईला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बन्सीचं ऑपरेशन झालं. अपघाताच्या रजेवर असल्यानं ठेकेदाराला नाव कापता आलं नाही, आणि मुंजाबा मेंढरांकडं परत गेला. टाके निघाल्यावर मी दवाखान्यात गेले. शेजारच्या खाटेवरचा झोपलाय हे बघून हळूच म्हणलं, काळजी करू नकोस, मुंजाबाचं मी मरेपर्यंत कुणाला कळू देणार नाही.

बन्सीनं चादरीची कड चाचपली.

“ताई, मुंजाबाचं प्रेसवरच्या समद्यांना ठावं व्हतं,” तो म्हणला. “काकासायबाला तर पयल्या दिशीच. फॉर्म भरायचं वाचलं म्हणून ते गप.”

मी विचारलं, मग मला एकानं का सांगितलं नाही?

“सांगणार व्हतो. पण माझा गुडघा बरा झाला म्हणून तुमी लई खूश होत्या. कुणाचं तोंडच उघडंना.”

मला शिव्या द्यायच्या होत्या, चांगल्या गावाकडच्या, पण आधी रडूच आलं.