डब्याची जोडी

हेमराजच्या पोटात दुखायला लागलं ते गोळाभातामुळं, आणि गंमत म्हणजे तो गोळाभात त्यानं चाखलासुद्धा नव्हता.

यंदा भिलाईत थंडी जरा आधीच उतरली. सकाळी स्कूटरचं हँडल धरवत नव्हतं. रसमड्याच्या कारखान्यात, जिथं हेमराज हिशोबाच्या खोलीत बसायचा, टेबलाखालचा हीटर दिवाळी सरताच बाहेर निघाला. दुपारच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे त्याच्यापुढं तापायला बसायचे. त्या खोलीत एक जुना रिवाज होता, जोडीचा. दोघांनी जोडी करायची. एकाच्या घरून दोघांपुरती भाजी, दुसऱ्याच्या घरून दोघांपुरती भाकर. कुणी सुरू केलं देव जाणे, पण दोन्ही घरच्या बायकांचा सकाळचा अर्धा ताप वाचायचा, म्हणून टिकलं. हेमराज आणि टिकारामची जोडी त्यांत सगळ्यांत जुनी. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले, दोघांचे केस एकाच सुमाराला गेले, आणि एवढ्या वर्षांत हेमराजच्या शेवंतानं कधी डब्यासाठी भाकर थापली नाही, की टिकारामच्या मथुरानं डब्यासाठी भाजी फोडणीला टाकली नाही.

आणि मग कुम्हारीच्या शाखेतून जानराव बदलून आला.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. शिव्या घालायची सोय झाली असती. पण जानराव होता गोड. गळ्यात मफलर, तोंडात 'भाऊ', कुणाचंही काम अडलं की हा उठलाच. मुलगा स्टील प्लांटात नोकरीला, म्हणून राहणं सेक्टर 10 च्या क्वार्टरात. त्याला जोडीदार नव्हता, तेव्हा पूर्ण डबा आणायचा, आणि डबा कसला, पातेलंच म्हणा! पहिल्याच दिवशी झाकण काढलं तर आत वाफाळता गोळाभात. डाळीचे टपोरे गोळे, आणि वेगळ्या डबीत लसूण-मिरचीची तेलाची फोडणी, ती हीटरपुढं तापवून त्यानं वरून ओतली. असा वास सुटला, की पलीकडच्या खोलीतली मोनाली कॉम्प्युटर सोडून दारात येऊन उभी राहिली.

"वा जानरावजी!" टिकाराम म्हणाला. "माही माय असाच करे, अगदी असाच."

हेमराज घास हातात घेऊन बघत राहिला. आज त्याच्या डब्यात वांग्याचं भरीत होतं, तुरीचे हिरवे सोले घातलेलं. टिकारामनं ते अर्धं संपवलं होतं, आणि 'वा' तर सोडाच, 'हं'सुद्धा केलं नव्हतं.

"भरीत कसं झालं बे?" त्यानं विचारलं.

"भरीत? हौ, मस्त हाय ना," टिकाराम म्हणाला, आणि गोळाभाताकडंच बघत राहिला.

तिथून जे सुरू झालं ते झालंच. जानराव कुम्हारीचा एखादा किस्सा सांगायचा आणि टिकाराम मांडीवर थाप मारून हसायचा. आता तोच टिकाराम हेमराजच्या किश्श्यांवर गेली कित्येक वर्षं नुसता मान हलवत आलेला! हीटरजवळची खुर्ची, जी हेमराजची म्हणून सगळ्यांना ठाऊक होती, ती एका दिवशी टिकारामनं स्वतः उचलून जानरावला दिली. म्हणे, "त्याले सर्दी हाय." सर्दी! आणि हेमराजचा दमा काय शोभेचा होता?

वरून स्कूटरचं झालं. रोज सकाळी टिकाराम हेमराजच्या मागं बसून यायचा. एके दिवशी तोंड वळवून म्हणाला, "उद्यापासून मी माह्या गाडीनं येतो. तुह्या मागं बसून गुडघे गारठतात."

आता सांगा, स्वतःच्या गाडीवर बसल्यानं त्याच्या गुडघ्यांना काय रजई मिळणार होती? हेमराजनं ते मनात धरलं. आणि एका सकाळी पेट्रोल भरायला म्हणून सेक्टर 10 कडून वळला, तर धुक्यात काय बघतो, टिकारामची गाडी जानरावच्या फाटकाशी उभी! टिकाराम आतून बाहेर येतोय, जानराव त्याला फाटकापर्यंत सोडायला येतोय, दोघं काहीतरी बोलून हसतायत. हेमराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण घरी चहाला बोलावलं की याला ॲसिडिटी होते, आणि इथं सकाळी सकाळी पाहुणचार चाललाय.

घरी येऊन त्यानं ते सगळं शेवंताच्या डोक्यावर ओतलं. "तू भाजीत लक्ष घालत नाई. उद्या पाटवड्या कर. परवा सांबारवडी कर. माहा टिकाराम गेला ना हातचा!"

शेवंता मेथी निवडत होती. तिनं मान वर केली. "अवो, मित्रच हाय ना तो तुमचा? तुम्ही तं असे जळून राहिले जशी सवत आली घरात."

हेमराजला हे फार झोंबलं, कारण खरं होतं. तरी पाटवड्या झाल्या, कोथिंबिरीची सांबारवडी झाली, सोल्यांची आमटी झाली. टिकाराम सगळं खायचा, बोटं चाटायचा, आणि त्यातलं थोडं उचलून जानरावच्या झाकणात ठेवायचा! शेवंतानं पहाटे उठून थापलेल्या पाटवड्या, आणि खातंय कोण?

एकाच गोष्टीचा हेमराजला आधार होता. भाकर. या हिवाळ्यात टिकारामच्या घरच्या भाकरी अशा काही येत होत्या की विचारू नका. पातळ, मऊ, पापुद्रा सुटलेला, दुपारीही लवचीक. पूर्वी मथुरावहिनीची भाकर जरा जाडच असायची. हेमराजनं त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून टाकला: वहिनीनंही कंबर कसलीय, जोडीची इज्जत राखायला. निदान ती तरी आपल्या बाजूची. मग रोज जेवताना तो जानरावला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "टिकाराम, वहिनीले सांग, असा हात अख्ख्या भिलाईत नाई." टिकाराम खाली मान घालून भाकर मोडायचा. जानराव आपल्या भातावर फुंकर घालायचा. दोघंही गप्प बसले की हेमराजला वाटायचं, बसला बाण.

जानेवारीतली ती दुपार फार गारठ्याची होती. जानरावनं भाताचा डबा पुढं सरकवला. "हेमराजभाऊ, आज तरी घ्या घासभर. आमच्या घरवालीनं, रुक्मानं, मुद्दाम जास्त देल्ला."

"ठेवा तुमच्याजवळच," हेमराज म्हणाला. "भातानं माहं पोट फुगते. जेवण म्हणजे भाकर. हे पाहा, याले म्हणतात भाकर! तुमच्या घरी जमन का अशी? जमतच नसन, म्हणून तं रोज भात शिजवून आणता."

जानराव हसला. "नाई जमत भाऊ," तो म्हणाला. "खरं हाय तुमचं."

टिकारामनं हातातला घास खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "हेमराज, चूप बस. माफी माग त्याची."

"कोणाची? याची? कावून?"

"माग म्हणतो ना."

इतक्या वर्षांत टिकाराम या आवाजात कधी बोलला नव्हता, आणि बोलला तो कुणासाठी, तर त्या मफलरवाल्यासाठी! हेमराज उठून उभा राहिला. "तुले त्याच्यासंग बसाचं हाय ना? बस. उद्यापासून तुही भाकर तू खाय, माही भाजी मी खातो. मोडली जोडी!"

तोंडातून निघून तर गेलं. आता टिकाराम म्हणेल, 'पागल हाय का बे,' आणि हात धरून खाली बसवेल, असं त्याला वाटत होतं. टिकारामनं डब्याला झाकण लावलं. "ठीक हाय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून हेमराज भाजी-भाकर दोन्ही घेऊन यायला लागला. शेवंता भाकरी थापता थापता पुटपुटायची, पण थापायची. भाकर चांगली होती, भाजी चांगली होती, आणि डबा मात्र रोज अर्धा घरी परत जात होता. त्याला वाटलं होतं, टिकाराम आता मजेत जानरावचा गोळाभात हाणेल. पण टिकाराम सुट्टी झाली की उठून बाहेर जायचा, गेटजवळच्या टपरीवर उभ्यानं भजी खायचा आणि परत यायचा. जानराव एकटाच बसायचा. दोघांची एवढी गट्टी, मग हा बाहेर का? हेमराजला हे काही उमगेना. आणि खरं सांगायचं तर टिकारामशिवाय दुपार फार लांब वाटायला लागली होती. रविवारी पिशवीभर सोले घेतले आणि तो टिकारामच्या घरी गेला. मनात ठरवलं होतं, वहिनीजवळ तक्रार करायची.

मथुरावहिनी अंगणात उन्हाला बसली होती. पुढं गरम पाण्याचं घमेलं, दोन्ही हात त्यात बुडवलेले. त्याला बघून तिनं हात बाहेर काढले, पदराला पुसायला गेली, आणि हेमराजनं बोटं बघितली. सांध्यांवर सूज, एकही बोट धड मिटत नव्हतं.

"हे काय झालं वयनी?"

"वात हाय भाऊजी. दिवाळीपासून धरलं. थंडीत तं पाण्याचा लोटाबी उचलत नाई."

हेमराज पिशवी घेऊन जवळ गेला. "दिवाळीपासून? आन् मंग भाकरी?"

वहिनीला तो प्रश्न अवघड वाटला नाही. तिला वाटलं, त्याला ठाऊकच असणार. "रुक्मा देते ना, जानराव भाऊजीची. हे आपले कोण्या ढाब्यावर भाकरी घ्याले उभे होते एका सकाळी, तं जानराव भाऊजीनं पाह्यलं. म्हणे, ढाब्याच्या कावून नेता, माही बायको रोज थापतेच. तवापासून हे सकाळी तिकडून घेऊन जात. आता कावून बंद केलं, मले नाई सांगत."

त्या पातळ, पापुद्र्याच्या भाकरी! ज्या भाकरीच्या जोरावर त्यानं भरल्या खोलीत जानरावच्या घराला नावं ठेवली, ती जानरावच्याच चुलीवरची! आणि तो हसून म्हणाला होता, नाई जमत भाऊ. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण लाजेच्याही वर एक गोष्ट चढली, आणि ती तीच जुनी आग होती.

तेवढ्यात टिकाराम बाजारातून आला. हेमराजनं त्याला पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही.

"त्याले सांगितलं! वयनीचा हात गेला हे तू त्याले सांगितलं, आन् मले नाई! काल आलेला माणूस तो. मी कोण होतो बे तुहा?"

टिकाराम बाजेवर बसला. "तुले सांगितलं असतं तं तू काय केलं असतं?"

"काय म्हणजे? शेवंताले सांगितलं असतं, भाकरी जास्त टाक म्हणून!"

"हौ. आन् मंग मी काय आणलं असतं?" टिकाराम म्हणाला. "तुह्या घरची भाजी, तुह्या घरचीच भाकर. आन् मी हात हालवत येऊन बसलो असतो तुह्यापुढं, रोज. तुह्यावाला पाहुणा होऊन. त्याच्याजवळून भाकर घ्याले लाज नाई वाटली मले, कारण त्याच्यासंग माही जोडी नव्हती."

वहिनीनं चहा घ्या म्हटलं, तो हेमराजनं घेतला नाही. सोल्यांची पिशवी तिथंच ठेवून तो निघाला, आणि फाटकाशी एकदाच मागं वळून म्हणाला, "उद्या मी भाजीच आणतो. भाकर नाई आणत."

टिकाराम बाजाराची पिशवी घेऊन आत गेला.

सोमवारी दुपारी हेमराजनं भाजीचा डबा उघडून पुढं ठेवला. आधी मात्र तो जानरावजवळ गेला होता आणि कसंबसं "चुकलं भाऊ माहं" म्हणून आला होता. जानराव "जाऊ द्या ना" म्हणाला होता, तेही इतकं गोड, की हेमराजला परत राग आला. आता डब्यात दोघांपुरती सोले-वांग्याची भाजी होती, आणि तिच्याबरोबर खायला काही म्हणजे काही नव्हतं. टिकारामची खुर्ची रिकामी होती. टपरीवर गेला असेल तर गेला. हेमराज भाजीकडं बघत बसला.

टिकाराम आला. बसला. फडकं सोडलं. आत दोन भाकरी होत्या, एका अंगानं करपलेल्या, दुसऱ्या अंगानं कच्च्या, कडा फाटलेल्या. आणि टिकारामच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे लाल फोड होते.

"तिनं बाजूले बसून सांगितलं," तो टेबलाकडं बघत म्हणाला. "पीठ भिजोणं नाई जमलं."

हेमराजनं एक तुकडा मोडला. मोडायला जोर लागला. भाजीत बुडवून तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं मिरचीच्या नावावर घातलं.

"कशी हाय?" टिकारामनं विचारलं.

"कच्ची हाय," हेमराज म्हणाला, आणि दुसरा तुकडा मोडला.

शेजारून जानराव वाकून बघत होता. बिचाऱ्यानं कौतुकानंच हात पुढं केला. "टिकारामभाऊ, सोता केली? दाखवा बरं, एक घास मलेबी."

हेमराजनं फडकं भाकरीसकट आपल्या बाजूला ओढलं आणि भाजीचा डबा जानरावपुढं सरकवला.

"भाजी घ्या तुम्ही," तो म्हणाला. "लागन तेवढी घ्या. भाकर आमच्या दोघायचीच हाय."