यंत्राची मालकीण

आमच्या घरात मोलाची वस्तू थोरल्या माणसाच्या नावावरच घेतली जाते. धाकट्या सुनेने पुठ्ठ्याचे खोके करण्याचा व्यवसाय काढला, तेव्हा पुठ्ठे कापण्याच्या यंत्राचे पैसे मी दिले आणि बिलही माझ्याच नावे करवून घेतले. त्यात काही वावगे होते, असे मी आजही मानत नाही.

वर्षअखेरीस करसल्लागार घरी आला. बिल पाहताच त्याने चष्मा कपाळावर ढकलला.

"व्यवसाय एकट्या या सूनबाईंचा, आणि यंत्र तुमचं? मग यंत्राच्या झिजेची वजावट यांना मिळायची नाही, आजी. कर वाढणार."

"एकाच छपराखाली राहतो आम्ही."

"कायद्याला छप्पर दिसत नाही, नाव दिसतं."

"मग मला भागीदार करा."

"भागीदार आला की यांची एकटीची मालकी संपली."

पुठ्ठ्याला खळ लावणारा सुनेचा हात थांबला.

त्याने दोन वाटा सांगितल्या. यंत्र सुनेला बक्षीसपत्राने द्यावे, नाहीतर भाड्याने द्यावे. भाडे तिच्या खर्चात धरता येईल आणि माझ्या उत्पन्नात.

हक्क सोडणे जिवावर आले, तरी मी मन मोठे केले. "देऊन टाकते. लिहा."

"नको, आई," सून म्हणाली. "भाड्यानंच द्या."

"अगं, फुकट मिळतंय ते नको?"

"फुकटचंच महाग पडतं. मोठ्या जाऊबाईंना तुम्ही फ्रिज दिलात. अजून प्रत्येक पाहुण्यासमोर त्यांना तो ऐकून घ्यावा लागतो. भाडं दिलं की कुणाचं ऐकायला नको."

सल्लागाराने चहाच्या कपात तोंड लपवले. माझ्यासमोर असे बोलण्याची या घरात आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आणि तिने आवाजही चढवला नव्हता.

मी भाडेकरारावर सही केली.

पहिल्या महिन्याचे भाडे तिने पाकिटात घालून आणले. "पावती द्याल ना, आई?" मी दिली.

दुपारी तिच्या कामाच्या खोलीशी गेले. एक खोका वाकडा कापलेला दिसला. शब्द ओठांवर आले होते, तोच तिने यंत्र थांबवले.

"काही हवं होतं का?" तिने अदबीने विचारले.

यंत्र माझे होते. तरीही "काही नाही," म्हणून मी उंबऱ्यावरूनच परत फिरले.