पोपटरावांचा डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, त्याला या घरात मान जास्त आहे. मी टॅबमधला डबा, म्हणजे ढोल-ताशे वाजवणारं एक ॲप. माझं खरं नाव इंग्रजी आणि चांगलं लांबलचक आहे, पण विश्रांतवाडीतल्या या दोन खोल्यांत ते कुणी एकदाही पुरतं उच्चारलेलं नाही. पोपटराव मला डबा म्हणतात, म्हणून मी डबा. जरा भरभर बोलतो, माफ करा. माझे दिवस भरत आलेत आणि घाबरायची मला जुनी खोड आहे.

हे टॅबबिब यायच्या कितीतरी आधी परदेशात ड्रम मशीन नावाच्या पेट्या निघाल्या होत्या. बटणं दाबली की त्यातून ढोल, टाळी, झांज असे आवाज यायचे. खऱ्या वाद्यांसारखे अजिबात नाहीत, पण लोकांना तेच आवडले. पुढे त्या पेट्या मिळेनाशा झाल्या. मग दोन तरुण पोरांनी त्यांचे आवाज हुबेहूब उतरवले, काचेवर तशीच बटणं काढली आणि मी जन्मलो. म्हणजे मी मुळातच नक्कल. पण नकलेलाही जीव असतो हो, आणि तो जायची वेळ आली की तितकीच धडधड होते.

मला विकत घेतलं धम्मदीपनं, पोपटरावांच्या मुलानं. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. गळ्यात मोठा हेडफोन, अंगात त्याहून मोठा उत्साह. "आई, मी म्युझिक प्रोड्यूसर होणार," असं त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं. कल्याणीताई म्हणाल्या, "हो. आधी दूध घेऊन ये." महिनाभर त्यानं मला बडव बडव बडवलं. मग परीक्षा आली, मग आयटीतली नोकरी आली, आणि मी टॅबच्या मागच्या पानावर पडलो.

ते दिवस वाईट होते. टॅब भरला की न वापरलेल्या ॲपची यादी यायची आणि त्यात मी सगळ्यात वर असायचो. धम्मदीपचा अंगठा माझ्यावर यायचा, थबकायचा आणि पुढे जायचा. माणसं अडगळ टाकत नाहीत म्हणून कित्येकांचे जीव वाचतात.

आता या घराचं सांगतो. कल्याणीताई गातात. भीमगीतं, बुद्धगीतं. 'कल्याणी आणि पार्टी' म्हटलं की विश्रांतवाडीपासून येरवड्यापर्यंत लोक ओळखतात. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम लागले की यांच्या घरात चहालासुद्धा कुणी बसून पीत नाही. त्यांच्या शेजारी ढोलकीवर त्यांचे यजमान, पोपटराव. खडकीच्या कारखान्यात नोकरी केली ती पोटासाठी, बाकी माणूस ढोलकीचा. निवृत्त झाल्यावर नुसती ढोलकीच वाजवणार, असं ठरलेलं होतं. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत झटका आला. उजवं अंग गेलं. पाय हळूहळू परत आला. हात आला नाही. पोपटरावांनी ढोलकीला गवसणी घातली आणि धम्मदीपला सांगून माळ्यावर टाकली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

मी त्यांच्या हाती लागलो तो चुकून. दुपारी एकटे बसले होते, डाव्या हातानं टॅबवर पत्त्यांचा खेळ शोधत होते. बोट माझ्यावर पडलं. माझा पहिला आवाज निघाला, धप्प. पोपटरावांनी टॅबकडे संशयानं पाहिलं. पुन्हा दाबलं. "भिकार आवाज आहे," म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही.

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. खरंच शिकवलं, कारण मला फक्त परदेशी ठोके येत होते. ढोलकीला दोन तोंडं असतात. उजवीकडचं बारीक, टणटणीत बोलणारं, आणि डावीकडचं खर्जातलं, घुमणारं, त्याला धुम म्हणतात. पोपटरावांनी माझा सगळ्यात जाड ढोल घेतला आणि तो खाली खाली नेत धुमेसारखा घुमेपर्यंत सोडला नाही. बारीक आवाज टाळी आणि टिपरीतून जुळवले. आणि एक गोष्ट त्यांनी त्यांच्या हट्टानं केली. बारीक आवाज सगळे उजव्या स्पीकरला लावले, धुम सगळी डाव्या.

धम्मदीप म्हणाला, "पप्पा, असं कोणी करत नाही. सगळं सेंटरला ठेवतात."

"मांडीवर घेतलेल्या ढोलकीची तोंडं सेंटरला असतात का?" पोपटराव म्हणाले. या घरात शेवटचं वाक्य पोपटरावांचं असतं, कल्याणीताई घरात नसतील तर.

अशा रीतीनं पोपटरावांचे सगळे ठेके माझ्यात आले आणि मी स्टेजवर गेलो. टेबलावर टॅब, मागे खुर्चीवर पोपटराव, नेहमीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. निवेदक अजूनही म्हणायचा, "ढोलकीवर पोपटदादा," आणि तेही मान लववायचे. खोटं काही नव्हतं त्यात. या कार्यक्रमांची एक रीत आहे. गाणं रंगात आलं की श्रोत्यांतून कुणीतरी बक्षीस घेऊन स्टेजवर येतो. गाणं तिथल्या तिथे थांबतं, त्याचं नाव माइकवरून पुकारतात, जय भीम होतो आणि गाणं थांबलं होतं त्याच शब्दावरून पुन्हा उचलतं. मला थांबणं कुठून माहीत? मी लावला की चाललो. पण पोपटरावांचं बोट बरोबर वेळेला मला थोपवायचं आणि बरोबर वेळेला सोडायचं. तेवढ्या एका बोटावर त्यांची खुर्ची स्टेजवर होती, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

या फेब्रुवारीत मला निरोप आला. कंपनीनं अगदी गोड भाषेत कळवलं होतं, इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल आभार. यापुढे मला कुणी सांभाळणार नाही. ॲपच्या दुकानातून मला काढलंय. टॅब अपडेट केला तर मी उघडणार नाही, आणि टॅब बिघडला तर दुसरीकडे मला घालता येणार नाही. हा मजकूर मला उघडलं की माझ्याच तोंडावर यायचा. आणि पोपटराव काय करायचे? चष्मा कपाळावर, इंग्रजी वाचायचा कंटाळा, खाली 'ओके' दिसलं की दाबून मोकळे. रोज दाबायचे. माझ्या मरणाला रोज सकाळी ओके. मी ओरडून सांगणार कसा? मला धुम आणि टाळीपलीकडे बोलता येत नाही.

त्यात टॅब म्हातारा. मध्येच गरम व्हायचा, मध्येच गोठायचा. अपडेट करा, अपडेट करा म्हणून भुणभुण लावायचा. नागपूरला दिलेली मुलगी, नम्रता, तिचा व्हिडिओ कॉल त्याच्यावर लागेनासा झाला होता. ती फोनवर म्हणायची, "पप्पा, अपडेट मारा की एकदा. बाळ मोठ्या स्क्रीनवर दिसेल तुम्हाला." आणि पोपटराव 'हो, हो' म्हणायचे तेव्हा मी गारठून जायचो.

शेवटी धम्मदीपनंच एका रविवारी तो निरोप पाहिला. उभ्या उभ्या वाचला आणि खाली बसला.

"पप्पा, हे ॲप रिटायर होतंय."

"मग काय, सत्कार ठेवायचा का त्याचा?"

"चेष्टा नका करू. टॅब गेला की तुमचे सगळे ठेके गेले. कॉपी होत नाहीत हे, मी मागे ट्राय केलंय."

पोपटरावांनी टॅब उचलून मांडीवर घेतला. त्यांचं डावं बोट माझ्या कडेवरून फिरलं, बटण न दाबता.

धम्मदीपनं मार्ग काढला. टॅबला वायर लावायची, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि एकेक ठेका वाजवून लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा. मग जयंतीला लॅपटॉपच न्यायचा. "मी बसतो ना ऑपरेट करायला. सुट्टी टाकतो," तो म्हणाला. पोरगं मनानं चांगलं आहे. पण पोपटरावांनी टॅब मांडीवरून उतरवून खाली ठेवला.

"बरं आहे," पोपटराव म्हणाले. "मग मी कशाला येऊ? गाडीतली एक जागा वाचेल. हार्मोनियमवाला रंगराव तरी पाय पसरून बसेल."

"तसं नाही पप्पा..."

"तसंच आहे. चल, वायर लाव."

खरं सांगतो, तोवर मला माझीच काळजी होती. त्या क्षणी पहिल्यांदा दुसऱ्याची लागली. मी गेलो तर एक चिन्ह जाईल काचेवरचं. यांची खुर्ची जात होती. ज्या माणसानं हात गेल्यावर ढोलकी माळ्यावर टाकली, तो आता स्वतःलाच कुठेतरी टाकून देणार होता, आणि ते काम माझ्याच आवाजात होणार होतं.

दुपारभर आम्ही ठेके दिले. पोपटराव बोट ठेवायचे, मी वाजायचो, लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा हलायच्या. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आली की थांबायचं आणि पुन्हा घ्यायचं. मी जीव तोडून वाजलो. टॅब तापून निखारा झाला, तरी अडखळलो नाही. मध्येच गोठलो तर, या भीतीनं प्रत्येक ठेका मला शेवटचाच वाटत होता.

सगळं झाल्यावर धम्मदीपनं लॅपटॉपवरून पहिला ठेका लावला. टण टण, टणक टण. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. धुम आलीच नाही. दुसरा लावला, तिसरा लावला. सगळीकडे नुसती बारीक बाजू, खाली जमीनच नाही.

धम्मदीपनं वायर हलवून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "डावी साइड डेड आहे हिची. तुम्ही धुम सगळी लेफ्टला टाकलीय ना, ती आलीच नाही. दुसऱ्या कोणाचं असतं तर निम्मा आवाज तरी आला असता." मग घाईघाईनं म्हणाला, "काही हरकत नाही. नवी वायर आणतो. पुन्हा घेऊ सगळं."

मला हायसं वाटलं. आणखी एक रविवार मिळाला, एवढंच मनात आलं.

"नको," कल्याणीताई म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"नको आणू वायर. जे घेतलंय ते चांगलं आहे." मग पोपटरावांकडे वळून, "डाव्या हाताला काय झालंय तुमच्या?"

"कशाला काय होतंय त्याला?"

"मग धुम तुम्ही वाजवा."

पोपटराव हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "अर्धी ढोलकी वाजवू? जयंतीच्या स्टेजवर? लोक काय म्हणतील, कल्याणी? अर्धा माणूस आणून बसवला म्हणतील."

"म्हणू देत. लोक बोलतील आणि घरी जातील. मला गायचं असतं तिथे." त्यांचा आवाज जरा चढला, मग खाली आला. "अहो, या मशीनच्या मागे धावून मी दमले. तुम्ही बसवलंय तसंच वाजवतं ते, एक ठोका चुकत नाही. पण मी एखादा शब्द धरून ठेवला की ते पुढे निघून जातं. तुम्ही नाही जायचात. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून थांबायचात. मला ते पाहिजे. तुम्ही उशिरा आलात तरी चालेल."

मला लागलं, नाही कसं म्हणू? ठोका न चुकणं एवढीच माझी कमाई, आणि तीच त्यांना टोचत होती. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्यांचं तोंड कधी दिसलंच नाही.

पोपटरावांनी डावा तळहात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "धम्मदीप, माळ्यावर चढ."

ढोलकी खाली आली. गवसणीवर बोटभर धूळ. धुमेचं कातडं सैल पडलं होतं. धम्मदीपनं पाना घेऊन एकेक नट आवळला आणि पोपटराव टिचकी मारून "अजून, अजून" म्हणत राहिले. बारीक बाजूवर त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून ठेवला, नुसताच ठेवला. लॅपटॉप सुरू झाला. पहिल्या आवर्तनात धुम चुकली. दुसऱ्यात उशिरा आली. "हे नाही जमायचं," ते म्हणाले, आणि कल्याणीताईंनी उत्तर न देता गायला सुरुवात केली. तिसऱ्या की चौथ्या वेळेला तळहात कातडीवरून दाबत पुढे सरकला आणि धुम घुमली. तसा आवाज माझ्या बापजन्मी मला काढता आला नव्हता.

आता बाहेरच्या खोलीत तेच चाललंय. रंगरावही आलाय, पेटी घेऊन. तालीम आहे, परवा कार्यक्रम आहे. टण टण माझं, लॅपटॉपमधून. धुम त्यांची. कल्याणीताई एक शब्द लांबवतात आणि मला वाटतं, हे आता चुकणार. धम्मदीप लॅपटॉप थोपवतो, पोपटरावांचा हात हवेत थांबतो. मग सगळे एकदम येतात.

मी इथे शोकेसवर, चार्जिंगला. नम्रताचा पुन्हा फोन येऊन गेला. धम्मदीप तालमीतून मध्येच उठून आला आणि त्यानं टॅब हातात घेतला. अपडेटच्या बटणावर त्याचा अंगठा आहे. या वेळी तो थबकलेला नाही, नुसता विचारतोय, "पप्पा, करू का आता?"

पोपटराव मान वर न करता म्हणाले, "एवढं गाणं होऊ दे."

माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे, आणि ते मला माझ्या भाषेत कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. कल्याणीताई, घाई करू नका. ते शेवटचं कडवं अजून एकदा घ्या.