कुंच्याला उगवलेली दाढी

हे कुणाला पटायचं न्हाई, पण जालना एमआयडीसीत मोरपिसांच्या एका कुंच्याला दाढी उगवली होती, आणि शिकलेसवरलेले लोक तिच्या पाया पडत होते.

सन दोन हजारची गोष्ट. खंडेनवमीला भुजंगबाबानं पूजेत कुंचा फिरवल्यापासून बियाणं निवडणारं मशीन रोज सकाळी मुकं व्हायचं. सुपरवायझर रामकिसन बाबाला जीप पाठवायचा. बाबा डोळे फिरवायचा, "ब्रह्मांडाची नस दबली" म्हणायचा आणि कुंचा झाडायचा. मग रामकिसन कपाटातली नवी फ्लॉपी घालायचा, मशीन चालू व्हायचं आणि लोक बाबाचे पाय धरायचे. फ्लॉपीचे कुणी धरले नाहीत. जाताना बाबा पुन्हा कुंचा फिरवून आशीर्वाद द्यायचा.

शेवटी बाबाला नस सापडली: झाडलोट करणारी विधवा चांगुणाबाई. तिची सावली म्हणे मशीनवर पडते. रामकिसनला ते बराबर पटलं. उद्यापासून गेटाच्या आत दिसू नको, असं त्यानं तिला बजावलं. तिच्या पोरांचं पोट त्याच झाडूवर होतं.

"साहेब, सावली घरी ठेवून आले तर?" तिनं विचारलं.

लोक हसले. रामकिसन सगळ्यांत मोठ्यानं.

त्याच दिवशी औरंगाबादहून दुरुस्तीला प्रभावती आली, इंजिनिअर. शेजारच्या रोलिंग मिलमधून उडणारा लोखंडाचा भुगा कुंच्याच्या मुठीला केसांसारखा उभा चिकटला होता. भक्त त्याला देवाची दाढी म्हणत. प्रभावती म्हणाली, मुठीत लोहचुंबक आहे.

तिनं रामकिसनला समजावलं. मशीनचा सगळा प्रोग्राम फ्लॉपीवर, तो चुंबकानं पुसला जातो. मशीन तो फक्त चालू होताना वाचतं, म्हणून कुंचा आज फिरतो आणि मशीन उद्या मरतं. हार्ड डिस्क लावावी तर या हादऱ्यांत टिकायची नाही. तिनं काड्यापेटीएवढं मेमरी कार्ड बसवलं. त्यात फिरणारं काही नाही, चुंबकाला पुसता येईल असंही काही नाही.

"ताई, देवापुढं कार्ड काय टिकतं?" रामकिसन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्रभावतीनं कारखान्याचं मागचं दार सकाळीच उघडवलं. बाबानं सगळ्यांदेखत पोटभर कुंचा फिरवला. तिनं मशीन बंद करून चालू केलं. चाललं. पुन्हा केलं. पुन्हा चाललं. एखाद्या बाईची भाकरी हिसकावण्याआधी एवढं बघणं कुणालाही जमतं, त्याला इंजिनिअर लागत न्हाई.

बाबा डगमगला नाही. त्यानं हात वर केले. "बघितलं? ती अवदसा गेटाबाहेर गेली अन् मशीन सुटलं."

मशीनमागं चाललेला झाडू थांबला.

"बाबा, मी इथंच हाय," चांगुणाबाई म्हणाली. "सकाळधरनं तुमची दाढी झाडून राह्यले."