खांबाआडच्या दाराचा बाक

मी बाक बोलतोय. वर्गातला नव्हे, शाळेच्या वरच्या मजल्यावर समुपदेशक मॅडमच्या खोलीबाहेर ठेवलेला. समुपदेशक म्हणजे मुलांच्या मनातलं ऐकून घेणारं माणूस, हे मलाही तिथे गेल्यावरच कळलं.

सुताराने मला घडवलं तेव्हा माझ्यावर थाप मारून तो म्हणाला होता, हत्ती बसला तरी हा हलणार नाही. हत्ती काही आला नाही. आली ती मुलं, आणि त्यांनी कर्कटकाने माझ्या अंगावर आपापली अक्षरं कोरली. पुढे माझा एक पाय झिजला, मी डुगडुगायला लागलो आणि वर्गातून माझी उचलबांगडी झाली. व्हरांड्यात मला अशा जागी टेकवलं, की मैदानातून आणि जिन्यातून मी दिसायचो, पण खोलीचं दार मात्र खांबाआड जायचं.

सुरुवातीला मी बदनामच झालो. एखादं पोर ऐकेनासं झालं की शिक्षक भर वर्गात म्हणायचे, "जा, वर बाकावर जाऊन बस." माझ्यावर बसणं म्हणजे नाक कापून घेणं. येणारी-जाणारी मुलं खिदळायची आणि बसलेलं मूल खाली मान घालायचं. त्यानंतर ते आत जाऊन मॅडमशी मोकळेपणाने बोलणार तरी काय?

हे बदललं ते गणिताच्या बाईंमुळे. बाई कडक. त्यांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची. पण त्यांच्या वर्गात एक मुलगी सारख्या डुलक्या काढायची. पोरांनी तिचं नावच पेंगूळ पाडलं होतं. ओरडून झालं, उभं करून झालं. शेवटी बाई तिला न पाठवता स्वतःच वर आल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "माझंच काही चुकतंय का, तुम्ही सांगा."

मॅडम पेंगूळशी बोलल्या. मी भिंतीला चिकटलेलो, म्हणून मला ऐकू आलं. तिची आई घर सोडून गेली होती. ती कधीतरी परत येईल आणि दार उघडायला कोणी उठलं नाही तर माघारी जाईल, या भीतीने पोर झोपायचीच नाही. मॅडमनी हे बाईंना सांगितलं नाही, कारण तसा शब्द दिला होता. तिला खिडकीशी बसवा, पेंगली तर नुसता पाठीवर हात ठेवा आणि वर्गात काय दिसतं ते मला सांगत जा, एवढंच म्हणाल्या.

मग मधल्या सुट्टीत दोघी माझ्यावर बसून डबा खायला लागल्या. एकीने पाहिलेलं सांगायचं, दुसरीने पुढे काय करून बघायचं ते सुचवायचं. हळूहळू पेंगूळ फळ्याशी जायला लागली. एकदा तिने चक्क बाईंची चूक काढली. ते सांगताना बाई इतक्या हसल्या की मीही डुगडुगलो. माझ्या आयुष्यातले तेच काय ते बरे दिवस.

ते मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत खुपले. या दोघी रोज गप्पा झोडतात, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाईंना मधल्या सुट्टीत मैदानावर देखरेखीला उभं केलं. मॅडमना आणखी शाळा दिल्या. त्या आठवड्यातून एकदा, सकाळपुरत्या यायच्या, आणि तो नेमका बाईंच्या चाचणीचा वार. वर्गातून कोणाला हलता यायचं नाही. हा बदल बाईंना कोणी कळवलाही नाही.

पेंगूळ मात्र मधल्या सुट्टीत येतच राहिली. दाराला कुलूप असायचं. ती माझ्यावर बसायची, माझ्यावर कोरलेली अक्षरं बोटाने गिरवायची आणि घंटा झाली की उठायची. एकदा बाईंनी तिला जिन्यातून पाहिलं.

"मॅडमकडे आलीयेस ना? छान."

पोरीने होकारार्थी मान डोलावली. खरं सांगितलं तर इथूनही उठवतील, असं तिला वाटलं असावं. बाईंच्या जिवात जीव आला. पुढे ती माझ्यावर दिसली की त्या मैदानातूनच हात करायच्या. तिकडे मॅडम समजून चालल्या, की बाई काही बोलत नाहीत म्हणजे पोरीचं बरं चाललंय. दोघींनाही तिची काळजी होती, म्हणून तर मला जास्त संताप यायचा. पण लाकडाच्या संतापाला कोण विचारतो?

एका सकाळी ती दप्तर घेऊन घरातून निघाली आणि शाळेत पोचलीच नाही. दप्तर बसस्थानकावर सापडलं. आईला शोधायला गेली असेल, असं तिचे वडील पोलिसांना सांगत होते. तिचा अजून पत्ता नाही.

त्या दिवशी मॅडमना तातडीने बोलावून घेतलं. दोघी पुन्हा माझ्यावर बसल्या.

"ती तुमच्याकडे येत होती ना?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे? कितीतरी दिवसांत नाही."

"अहो, मी रोज तिला इथे बसलेली बघत होते."

 मॅडम नुसत्या कुलपाकडे बघत राहिल्या. बाईंनी माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. 

मॅडम नोकरी सोडून गेल्या. बाई अजून शिकवतात, पण आता ओरडत नाहीत आणि कुणाची चौकशीही करत नाहीत. खोलीत जुने नकाशे भरलेत. मला जिन्याखाली टाकलंय, एखाद्या दिवशी फोडून जाळतील. मला त्याचं काही वाटत नाही. त्या पोरीसाठी सगळ्याला उशीर झाला, एवढंच सतत वाटतं.

तुमच्या शाळेतही असा एखादा बाक असेल. त्यावर मूल बसलेलं दिसलं, तर लांबून हात करून पुढे जाऊ नका. तेवढा खांबाला वळसा घाला आणि दार उघडं आहे का, ते बघा.