दोन मिनिटांसाठी बंद केलेलं पाणी

एरहार्टला आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. वय झालं अठ्ठावन्न, लग्न झालं नाही, थोरल्या बहिणीबरोबर, झिटाबरोबर, बापाची सफरचंदाची बाग सांभाळायची. पण कुणी काही मागितलं की याची मान आपोआप हलायची. शिडी मागा, ट्रॅक्टर मागा, अख्खा रविवार मागा. झिटाने त्यापायी किती वेळा कपाळावर हात मारून घेतला असेल, त्याला गणतीच नाही.

एप्रिलचा तिसरा आठवडा. इटलीच्या उत्तर टोकाच्या, जर्मन बोलणाऱ्या फिन्शगाउच्या खोऱ्यात वरच्या कड्यांवर अजून बर्फ आणि खाली बागांना ऐन बहर. अशात पारा उणे तीनवर उतरला. पहाटेपासून फवारे चालू होते. झाडांवर पाणी पडायचं, फुलांवर गोठायचं, आणि त्या गोठत्या पाण्याच्या उबेवरच आतलं फूल जगायचं. एकच अट, बर्फाचं कवच वितळून थेंब गळू लागेपर्यंत पाणी थांबता कामा नये. मध्येच थांबलं तर तेच कवच फुलाला मारतं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

साडेसहाला झिटा कॉफी टाकायला घरात गेली. कॉफीला उकळी येते न येते तोच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पहाटेपासून कानात बसलेली फवाऱ्यांची टकटक थांबली होती.

ती तशीच, पायात घरातल्या सपाता, बाहेर धावली.

खालच्या पट्ट्यात, काचेसारख्या झाडांच्या दोन रांगांमध्ये, एक नवरी उभी होती. पांढराशुभ्र झगा, उघडे खांदे, थंडीने निळे पडलेले ओठ. शेजारी पातळ बुटांतला नवरा. समोर एक फोटोवाला गुडघ्यावर बसलेला. आणि व्हॉल्व्हपाशी निळा एप्रन बांधलेला एरहार्ट, हसतमुख.

"एरहार्ट! पाणी कुणी बंद केलं?"

"मीच. अगं, दोनच मिनिटं. वेरोनाहून आलेत बिचारे. तिचा झगा भिजत होता."

"झगा भिजत होता! आणि आपली फुलं? कधी बंद केलंस?"

एरहार्टने घड्याळ पाहिलं. त्याचं हसू ओसरलं. "झाली असतील... दहा-बारा."

झिटाने त्याला बाजूला ढकललं आणि व्हॉल्व्ह उघडला. पाइपातून पाणी गुरगुरत आलं. वरच्या रांगांतले फवारे खाकरून फिरू लागले. खालच्या तीन रांगांतला मात्र एकही हलेना. तोंडं गोठली होती.

"गरम पाणी आण! हवं ते भांडं घे, पण आण! साठ वर्षं या बागेत काढलीस..."

"अठ्ठावन्न," एरहार्ट पळता पळता म्हणाला.

"जीभ आवर आणि पाय उचल!"

फोटोवाला अदबीने पुढे आला. "बाई, ऊन यायच्या आत आणखी दोन फोटो..."

"अजून एकदा ते यंत्र डोळ्याला लावलंस तर कालव्यात फेकीन. तुला नव्हे, यंत्राला. तुझं नंतर बघते."

इटालियन नवरीला इथली जर्मन अर्धीमुर्धीच कळत होती, पण बाईचा चेहरा कळला. "काकू, आम्ही काय केलं?" तिने विचारलं. झिटाने एक बर्फाळलेलं फूल तोडलं, नखाने उभं चिरलं आणि तिच्यापुढे धरलं. गाभा अजून हिरवा होता. "हा काळा पडला की सफरचंद मेलं. अर्ध्या तासात काळा पडेल."

मुलीने झग्याचा घोळ कमरेला खोचला आणि एरहार्टच्या मागोमाग स्वयंपाकघराकडे धावली.

मग पाऊण तास हीच धावपळ. एरहार्ट किटल्या भरून देतोय, नवरी दोन्ही हातांत किटल्या घेऊन चिखलातून येतेय, झिटा शिडीवर चढून एकेका फवाऱ्यावर गरम पाणी ओततेय आणि काठीने ठोकतेय. नवरा शिडी धरून उभा होता. फोटोवाल्याने न सांगता बादल्या वाहिल्या. एकेक फवारा खडखडत सुटायचा आणि सगळ्यांना नखशिखांत भिजवायचा. मुलीचं नाव फ्लोरियाना, हे झिटाला चौथ्या किटलीला कळलं.

डोंगरावरून ऊन उतरलं, थेंब गळू लागले. दुपारी झिटा नखाने फुलं चिरत रांगांमधून फिरली. दोन रांगा वाचल्या होत्या. तिसरीतली दहातली आठ फुलं काळी निघाली. जवळजवळ अख्ख्या रांगेचं वर्षाचं पीक, एका झग्यापायी. तिला ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. एरहार्ट मागे मागे चालत होता.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू? तुला 'नाही' हा शब्द येत नाही. दोन अक्षरं आहेत. वासरूसुद्धा मान झटकतं."

व्हॉल्व्हचा दांडा तिने काढून स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकला. तो पुढचे दोन दिवस तिथेच राहिला.

तिसऱ्या पहाटे पुन्हा पारा उतरला. सातच्या सुमारास बागेच्या कडेला एक गाडी थांबली. झिटाने खिडकीतून पाहिलं. माणसं उतरली, कॅमेरे काढले. एरहार्ट त्यांच्याकडे गेला. बराच वेळ हातवारे झाले. मग, नवल म्हणजे, माणसं गाडीत बसली आणि निघून गेली. फवारे चालूच होते.

तो आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"नाही म्हणालास?"

"म्हणालो."

"स्पष्ट? 'नाही'?"

"म्हणजे... म्हटलं, माझी बहीण फार खाष्ट आहे."

झिटाने ओठ घट्ट आवळले. हसू आलेलं त्याला दिसायला नको होतं. "बरं. गेले ना पण?"

"गेले. अकराला येतील. तोवर बर्फ वितळलेलं असेल, म्हटलं. आणि एवढ्या लांबून आलेत, तर कॉफी प्यायलाच या म्हणालो."

झिटा खुर्चीत बसली. डोळे मिटले. बाहेर फवारे टकटकत होते.

"किती जण?"

"सात," एरहार्ट म्हणाला. "आणि एक म्हातारी आहे, तिला केक आवडतो."